प्लेटीची खालची बाजू

जुबेलच्या पाइप-यार्डामागे,
कंपनीला नको असलेल्या तुकड्यावर आमचं मैदान.
गवत नाही.
पहिल्या बेसला जुन्या गॅस्केटचं कातडं,
दुसऱ्याला सिमेंटची गोणी, वाळू भरून शिवलेली,
आणि होमला
कन्व्हेयर बेल्टमधून कापलेलं पाचकोनी रबर.
शुक्रवारी पहाटे सॉफ्टबॉल.
पत्रे तापायच्या आत सात डाव उरकायचे.
मी स्कोअर लिहितो. गुडघा गेल्यापासून एवढंच.

मोठ्या संघांकडे काचेची कपाटं असतात म्हणे.
थोर खेळाडू गेला की त्याचा नंबर
पुन्हा कुणाच्या पाठीवर चढत नाही.
आम्हाला शर्ट मिळाले चौदा.
नंबर राखत बसलो असतो
तर पाचव्या वर्षी उघड्याने खेळावं लागलं असतं.
म्हणून रोदेलने हे काढलं:
ज्याच्या पासपोर्टावर फायनल एक्झिटचा शिक्का पडला
त्याचं नाव प्लेटीच्या खालच्या बाजूला,
ज्याच्या त्याच्या लिपीत,
तापवलेल्या खिळ्याने.
मग प्लेट पुन्हा जागेवर.
नावं वाळूकडे, वर आमचे बूट.

मॅचच्या आधी एकदाच उलटी करतो ती.
अबू सामी बसचं इंजिन बंद करतो,
कुणीतरी वाचतं, अडखळत, दुसऱ्याची अक्षरं पाठ करून.
दांते मागबानुआ.
कुन्हीमोन.
जयतिलके, दोनदा,
कारण तो गेला, आला, आणि परत गेला.
विश्राम खेरडे, ज्याचा एक फटका
कुंपणापलीकडे गोड्या पाण्याच्या टाकीवर वाजला होता.
तो आवाज अजून सांगतात,
ज्यांनी ऐकला नाही ते जरा जास्तच.

गुणवंत इंगोल्याच्या वेळी मात्र भांडण झालं.
अकरा वर्षं राइट फील्ड,
जिकडे चेंडू फारसा येतच नाही.
आला तो दम्मामवाल्यांविरुद्ध, शेवटच्या डावात,
उंच, निवांत, पोरगंही झेलेल असा,
आणि ग्लोव्हला लागून खाली.
कप गेला.
नवा मॅनेजर म्हणाला, हा कसला थोर?
बघ तुझ्या वहीत.
वहीत आहे ते आहे: एरर, नऊ नंबर.

त्या रात्री मीच गुणवंतला म्हणालो होतो,
डोळ्यांवर ऊन होतं असं लिहू का? वारा होता?
नेलकटरने तो अंगठ्याचं नख कापत होता.
"राहू दे ना बे," म्हणाला,
"माहा हात लागला होता त्याले.
खोडशीन, तं मी तिथं होतोच कवा?"

हे मी मॅनेजरला सांगितलं नाही.
वऱ्हाडी कुठून आणायची इंग्रजीत.
रोदेल काही बोलला नाही,
त्याने गॅस पेटवला, खिळा धरला, माझ्या हातात दिला.

जागाच उरली नव्हती.
प्लेटीच्या टोकाशी, कॅचरच्या बाजूला,
दोन अक्षरं मावतील एवढा कोपरा.
"गुण" लिहिलं.
रबर करपलं, डोळ्यांत धूर.
"वंत" वळवून कडेवर काढलं,
आडनाव राहिलं.

कडेवरचं फार दिवस टिकत नाही.
घसरत घरी येणारा प्रत्येक जण
थोडं थोडं घेऊन जातो बुटाबरोबर.
परवा बुतुआनचा एक नवा पोरगा आला असा,
धूळ बसली, अंपायरने हात पसरले,
मी एक धाव लिहिली.

गुणवंत आता चांदूर बाजारला असतो,
मोटारी रिवाइंड करून देतो.
शुक्रवारी फोन करतो, आधी स्कोअर विचारतो.
मागच्या खेपेला जरा थांबून म्हणाला,
"माहं नाव पुरलं का बे?"

वहीत मी आजवर एक आकडा खोटा लिहिला नाही.
फोनवर म्हणालो, हो.
अख्खं पुरलं.